फ्लेक्सवरची तिसरी

५ जानेवारी, रविवार

चिठ्ठी उघडली आणि डोकंच फिरलं. ‘नियमाच्या बाजूने’. पगारेसरांना म्हटलं, मला दुसरी काढू द्या. म्हणाले, "नंदाबाई, ही काय वांगी आहेत का दाबून बघून घ्यायला?" सगळे हसले. मी नाही.

सर जिल्हा कोर्टात स्टेनो होते. उभा जन्म दोन्ही वकिलांचं बोलणं एकाच मशीनवर टाइप करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या विहारातल्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी हे मंडळ भरवतात. दहा-बारा माणसं, एक फळा, घटनेच्या चार प्रती. नियम दोनच. बाजू चिठ्ठीने ठरते, आवडीने नाही. आणि आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. इतकं नीट की समोरचा मान हलवेल. त्याने नाही हलवली तर खाली बसायचं. सर त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मी गेल्या वर्षात तीनदा खाली बसलेय.

२६ ला झेंडावंदनानंतर जाहीर सभा. विषय सरांनीच काढला. दोनपेक्षा जास्त मुलं असली की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम योग्य का अयोग्य. अख्ख्या घटनेत यांना दुसरा विषय सापडला नाही! माझ्या ताईचं प्रकरण त्यांना माहीत आहे. नंतर एकटं गाठून विचारलं, मुद्दाम केलंत ना? म्हणाले, "विषय मुद्दाम. चिठ्ठी नाही."

विरोधातली चिठ्ठी तन्वीला. म्हणजे माझ्यासमोर माझीच पोरगी. लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि घरात आत्तापासूनच हायकोर्ट असल्यासारखी वागते.

७ जाने., मंगळवार

पॉवर स्टेशनच्या स्टोअरमध्ये दिवसभर नट-बोल्ट, गॅस्केट. डोक्यात तेच.

सर म्हणतात, मत बनवायच्या आधी वस्तुस्थिती कोरडी लिहून काढा, विशेषणं गाळून. काढते.

मंगलताई माझी मोठी बहीण. घोटीजवळच्या गावात दिलेली. दोन मुलगे. मला मूल नाही. तिला तिसऱ्या वेळी मुलगी झाली. मुलगी आठ महिन्यांची असताना मी आणि माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, दत्तक घेतली. कागद रजिस्टर केला. ती तन्वी. दहा वर्षांची झाली तेव्हा आम्हीच तिला सांगितलं. मला आई म्हणते, ताईला मावशी.

ताई सरपंचपदाला उभी राहिली. फॉर्मवर अपत्ये दोन लिहिलं. निवडून आली. मग वेशीवर मोठा फ्लेक्स लागला. वर ताई हात जोडून, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तीन गोल फोटो. दोन मुलगे आणि कु. तन्वी. विरोधकाने त्या फ्लेक्सचा फोटो काढून तक्रारीला जोडला. तुम्हीच छापलीत ना तीन? जिल्हाधिकाऱ्यांनी ताईला अपात्र ठरवलं. नाशिक रोडच्या आयुक्त कचेरीत अपील टाकलंय, स्थगिती मिळाली म्हणून अजून खुर्चीवर आहे. सुनावणी १३ फेब्रु.

तो फोटो ताईला व्हॉट्सॲपवर पाठवणारी मी. "तन्वीचा एक चांगला पाठव गं," म्हणाली, मी निळ्या ड्रेसमधला पाठवला. कशाला हवाय विचारलंही नाही.

विशेषणं गाळली. तरी कोरडं झालं नाही.

११ जाने., शनिवार

वाचन. नियमाच्या विरोधात मला पानंच्या पानं सुचतात. मूल किती, हे बाईला कोण विचारतं? ठरवणार सासू आणि नवरा, खुर्ची जाणार बाईची. पण माझी बाजू ती नाही. नियमाच्या बाजूने एवढंच मिळालं की निवडणूक लढवणं हा कायद्याने दिलेला हक्क, कायदा त्याला अटी घालू शकतो. सर्वोच्च न्यायालयानेही असे नियम उचलून धरलेत. एका प्रकरणात तर मूल दत्तक दिलं तरी मोजलं जाईल, असंही म्हटलंय.

हे शेवटचं वाचलं आणि पुस्तक मिटलं. सरळ भाषेत त्याचा अर्थ, तन्वी ताईची. मला हे स्टेजवर उभं राहून म्हणायचंय? माझ्या तोंडाने?

तन्वी शेजारच्या खोलीत मोठ्याने सराव करत होती. "दत्तक झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्यांचंच!" ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटतंय म्हणजे मी चुकीच्या खुर्चीत बसलेय.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. ताई तिळगूळ घेऊन आली. सोबत वकिलांनी केलेलं प्रतिज्ञापत्र. सहीसाठी दिलंय. मला वाचायला लावलं, चष्मा घरी राहिला म्हणे. ताईचा चष्मा कधी घरी राहत नाही.

"सदर मुलीशी अर्जदाराचा कोणताही संबंध राहिलेला नाही व नव्हता."

ताई लाडूचा तुकडा बोटांत चुरत बसली होती.

"नव्हता आसं कसं लिव्हलं गं त्यांनी?"

"कोर्टाची भाषा असते ती, ताई."

"सही केली तर जिंकू म्हणतो वकील. भात वाळवायचा सिमेंटचा वटा अर्धा झालाय. बाया दरसाल डांबरी रस्त्यावर भात घालत्यात, गाड्या जात्यात वरून. मी गेले तर तो तसाच पडंल." मग लाडूचा चुरा गोळा करत, "पण नव्हता आसं नाय ना गं."

मला तर ते वाक्य हवंच होतं. अठरा वर्षं हवं होतं, असं कुणीतरी शिक्का मारून लिहिलेलं. आज समोर आलं आणि गिळवेना.

तन्वी कॉलेजातून आली. "मावशी, गोड बोल," म्हणून पाया पडली. ताईने कागद पिशवीत सारला.

१६ जाने., गुरुवार

सरांना भेटले. म्हटलं, मला या बाजूने एक मुद्दा सुचत नाही, माझं नाव काढा. म्हणाले, "पुस्तकात शोधताय म्हणून. ती बाजू मनापासून मानणारा एखादा माणूस शोधा. त्याच्याकडून ऐका, लिहा, त्यालाच वाचून दाखवा. तो म्हणाला पाहिजे की हो, हेच माझं."

असा एकच माणूस मला माहीत आहे. ताईविरुद्ध तक्रार करणारा रामनाथ. घोटीत त्याची भाताची गिरणी आहे. त्याचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं.

१८ जाने., शनिवार

रजा टाकली. एसटीने घोटी. प्रकाशला सांगितलं पगारेसरांचं काम आहे. अगदीच खोटं नाही.

गिरणीत इतका आवाज की आधी दोघंही ओरडूनच बोललो. सोयीचं झालं, मला ओरडायचंच होतं. मग त्याने पट्टा बंद केला. भुशाने भरलेला माणूस, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी कोण ते सांगितलं. वाटलं हाकलून देईल. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

म्हटलं, भाऊ, तुमचं म्हणणं लिहून घ्यायला आलेय. भांडायला नाही.

त्याने हात पुसले. "माझी बायको हिरा सदस्य व्हती पंचायतीत. अकरा वर्सं झाली. तिसरं राह्यलं. अर्ज कोणी दिला म्हाईत हाय का? तुमच्या दाजींनी. सोता. तवा नियम बरोबर व्हता त्यान्ला."

मला माहीत नव्हतं. दाजींनी आजवर अवाक्षर काढलं नाही. ताईला माहीत होतं?

"हिरा गेली घरी. त्या दिवसापासून गावसभेला आली नाय ती. आता तुमची बहीण म्हणती, मी पोरगी दिली, मोजू नका. हिरानं बी द्यायची व्हती का? द्यायला आमच्याकडं बहीणच नव्हती, ताई. पोरगी देणारीची खुर्ची राहती आन पोटाशी धरणारीची जाती, हा कुठला न्याव?"

मान खाली घालून लिहायला लावलं त्याने. मला! स्टोअरमधले इंजिनिअर ज्या बाईच्या टेबलापुढे यायला घाबरतात तिला. लिहून घेतलं, वाचून दाखवलं. एका जागी थांबवलं मला. "‘राग’ नका लिव्हू. राग नाय. वाईट वाटलं, आसं लिव्हा."

बदललं. मग म्हणाला, "हां. हेच."

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर, उघडली नाही. मुद्दा मिळाला. पुस्तकातला नव्हे, खरा.

१९ जाने., रविवार

ताईला फोन. हिराचं विचारलं. पलीकडे तिने आधी कोंबड्या हाकलल्या. मग, "म्हाईत हाय मला. तवा मी बोलले नाय त्यान्ला. बोलायला पायजे व्हतं." आणि फोन ठेवला.

२३ जाने., गुरुवार

तन्वीला माझा मुद्दा आधी सांगायचा का? सरांना विचारलं. "समोरचा वकील तुमची मुलगी आहे म्हणून कायदा बदलत नाही. पण आई म्हणून विचारत असाल तर मला विचारू नका."

सांगितला नाही. भ्याले, दुसरं काही नाही.

२६ जाने., रविवार

सगळं लिहून ठेवते. विसरायचं नाही.

झेंडावंदन साडेसातला. मग हॉल भरला, शंभरेक माणसं असतील, बाहेर चपलांचा ढीग. ताई गावचं झेंडावंदन उरकून धावतपळत आली, मागच्या रांगेत बसली. वकिलांचा कागद अजून पिशवीत, बिनसहीचा.

आधी मी. पूर्वपक्ष म्हणून तन्वीची बाजू मांडली. कायद्याने दत्तक मूल दत्तक आईचंच, जुनं नातं संपतं, मग तेच मूल दुसऱ्या आईच्या नावावर मोजणार कसं? आणि मूल किती हे बाई एकटी ठरवत नाही, शिक्षा मात्र तिला एकटीला. तन्वीने मान हलवली. जरा जास्तच जोरात.

मग माझी बाजू. हिराचं नाव न घेता सांगितलं. एका गावातली एक बाई. तिसरी मुलगी पोटाशी धरली आणि पद गेलं. दत्तकाचा कागद दाखवून सुटता येत असेल तर नियम त्या बाईला सांगतो की तू चुकलीस, द्यायला हवी होतीस. उद्या खुर्चीसाठी पोरी कागदावर वाटल्या जातील. मुलगे नाही, पोरीच वाटल्या जातील. म्हणून नियम मूल कुणाच्या घरी आहे ते विचारत नाही. जन्म मोजतो.

इथेच संपवायचं ठरलं होतं. पण तन्वीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. आणि मी बोलून गेले. "माझी मुलगी तन्वी माझ्या बहिणीच्या पोटची आहे. तिची तिसरी. हे मी आजवर चारचौघांत कधी बोलले नव्हते. बोलले तर माझ्याकडून काहीतरी जाईल असं वाटायचं."

पगारेसरांनी तन्वीचं नाव पुकारलं.

तन्वी उठली. तिने आधी माझी बाजू सांगायची होती. सराव केलेला कागद तिने उलटा ठेवला. म्हणाली, "समोरच्या पक्षाचं म्हणणं, मी जिथे जन्मले ते खोडता येत नाही. आणि मला देणारीला बक्षीस मिळू नये, कारण मग मुली देण्यासाठीच जन्माला येतील. बरोबर?" मी मान हलवली. मला दिसत नव्हतं नीट.

मग म्हणाली, "पण मला का दिलं ते नियमाला माहीत नाही. खरं तर मलाही माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. खुर्चीसाठी दिलं असेल तर मोजा. नसेल तर? नियम सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, विचारत कुणालाच नाही. ज्या बाईने मुलगी जवळ ठेवली तिलाही कुणी विचारलं नसेल. माझं म्हणणं एवढंच आहे. मोजण्याआधी विचारा."

सर पुढचं नाव पुकारणार तेवढ्यात मागून ताई उभी राहिली. सभेचा काही शिष्टाचार तिला ठाऊक नाही, सरपंच असली तरी. "इचारलं ना तिनं? मग सांगते."

सर थांबले. टाइप करताना थांबत असतील तसे.

"दोन गोष्टी व्हत्या. माझ्या नंदाचं घर रिकामं व्हतं, तिच्याकडं बघवत नव्हतं मला. ही एक. आन सासू म्हणायची, तिसरी आन ती बी पोरगी, रोज म्हणायची. मी थकले व्हते. ही दुसरी. पैली सगळ्यान्ला सांगत आले. दुसरी आज सांगते. दोन्ही खऱ्या हायेत, बाळा."

तन्वीने विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही."

तन्वी स्टेजवरून उतरली आणि थेट ताईकडे गेली. माझ्याकडे नाही. वाईट वाटलं, लिहिते ते खरं लिहिते. मग तिने मागे वळून मला हात केला, ये ना, असा. गेले.

आमच्या मंडळात मतदान होत नाही. शेवटी प्रत्येकाने समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. माझी चिठ्ठी: मोजण्याआधी विचारा. तन्वीने काय लिहिलं सांगत नाही.

बाहेर आल्यावर प्रकाशने तिघींचा फोटो काढला. ताईचे डोळे सुजलेले, माझा पदर वाकडा.

२७ जाने., सोमवार

ताई काल इथेच राहिली. सकाळी वकिलांचा कागद टेबलावर. तन्वीने लाल पेनने "व नव्हता" खोडलं. मग विचार करून अख्खं वाक्यच खोडलं. नवीन लिहिलं: तीन अपत्यांना जन्म दिला. तिसरे आठ महिन्यांचे असताना बहिणीस दत्तक दिले, निवडणुकीच्या कितीतरी वर्षं आधी, पदासाठी नव्हे. कायद्याने जन्म मोजावा की कुटुंब, याचा निर्णय व्हावा.

मी म्हटलं, हे लिहिलं तर हरू शकतो. वरच्या कोर्टाचं मत माहीत आहे तुला.

"माहीत आहे. पण तिथे देण्याचं कारण हा मुद्दा कितपत आला होता, मला शोधायचंय."

ताई म्हणाली, "हरले तर हरले. पण नव्हता आसं मी लिव्हणार नाय." आणि सही केली. शेवटच्या अक्षरावर रेघ ओढते तशी ऐटीत.

वकिलांनी फोनवर कपाळ बडवल्याचा आवाज आला म्हणते तन्वी. असेल.

१३ फेब्रु., गुरुवार

सुनावणी. आयुक्त कचेरीच्या जिन्यात रामनाथ भेटला, स्वच्छ पांढऱ्या शर्टात ओळखूच आला नाही. त्याने आधी नमस्कार केला.

त्याच्या वकिलाने फ्लेक्सचा फोटो पुढे केला. आयुक्तसाहेबांनी तो जवळ धरून बघितला. सरळ ताईलाच विचारलं, "ही तिसरी कोण?"

आमचे वकील उठू लागले. ताई आधी बोलली. "पोटची माझी, घरची हिची," माझ्याकडे बोट. "फ्लेक्सवर टाकली कारण ऱ्हावलं नाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तन्वीने शोधलेले दोन निकाल वकिलांनी वाचले, समोरच्याने तीन वाचले. त्याचे तीन जड होते, हे मान्य करायला हवं. निकाल राखून ठेवला.

बाहेर ताई सरळ रामनाथसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, हिराच्या टायमाला मी गप बसले. चुकलं माझं. तिला बी सांगा."

त्याने चप्पल पायात सारली. "तक्रार मागं घेणार नाय मी."

"घेऊ नका. मी त्यासाठी बोलले नाय."

"मग तुमीच सांगा तिला. घर म्हाईत हाय."

२१ फेब्रु., शुक्रवार

ताई हिराकडे जाऊन आली. काय झालं विचारलं तर "च्या पेलो" एवढंच. त्यावरून समजायचं ते समजले.

निकाल नाही. रविवारी सरांनी नवीन चिठ्ठ्या काढल्या. मला पुन्हा न आवडणारी बाजू. या वेळी बदलून मागितली नाही. सर म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

२ मार्च, रविवार

निकाल अजून नाही. कधीही येईल म्हणतात वकील. ताई खुर्चीवर आहे, उद्या नसेलही.

पण ओटा पुरा झाला! पुढच्या रविवारी कार्यक्रम. नारळ हिराच्या हातून फोडायचा, असं पंचायतीत ठरलं. रामनाथ म्हणाला म्हणे, निकाल काय बी लागो, दिवाळीला माझा बी भात तिथंच वाळणार.

हे सगळं सांगून झाल्यावर ताई फोनवर जरा घुटमळली. "नंदे, वेशीवर फ्लेक्स लावायचाय. वट्याचा. तन्वीचा एक फोटो पाठव ना."

मी म्हटलं, ताई, वकील आता खरंच डोकं आपटून घेईल.

"घेऊ दे."

तन्वी शेजारीच बसून ऐकत होती. तिने भुवया तेवढ्या वर केल्या. मी निळ्या ड्रेसमधला काढला, ठेवून दिला. मग २६ तारखेचा पाठवला, आम्हा तिघींचा. ताईचे डोळे सुजलेले, माझा पदर वाकडा, मधे पोरगी. तिघी एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की फ्लेक्सवाल्याला कुणा एकीला कापून गोलात बसवता येणार नाही.

खाली पोरीचं नाव काय छापू, विचारलं ताईने. म्हटलं, तू ठरव.